जर्मन गाडीचं कौतुक आणि सातबारावरचा बोजा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. जर्मन गिऱ्हाइकाचं ऑडिट लागलं की आठ-आठ दिवस घरी धड जेवण नाही, आणि तरी ‘काम शिकावं तर यांच्याकडून’ हे मी शंभरदा बोललो असेन. अजूनही बोलतो. त्याच कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धात धरून आणलेली माणसं राबवली, हा विषय मी जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदा काढला तेव्हा टेबलावरचे दोघं उठून गेले आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारले. पुढे शिकाऊ मुलं, नातेवाईक, सोसायटीतले लोक विचारतच राहिले. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

नेमकं झालं काय होतं?

1939 ते 1945 या काळात जर्मनीनं जिंकलेल्या देशांतून माणसं आणून कारखान्यांत, खाणींत, शेतांवर जुंपली. नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी मिळून हा आकडा 1 कोटी 30 लाखांच्या वर जातो. 1944 च्या उन्हाळ्यात जर्मनीत राबणारा जवळपास दर चौथा माणूस बाहेरून आणलेला होता. सुरुवातीला काहीजण भरतीच्या जाहिरातींना भुलून आपणहून आले. मग तिथले हाल घरी कळले आणि माणसं येईनाशी झाली. त्यानंतर पोलंड-युक्रेनमध्ये बाजारातून, चर्चच्या दारातून धरपकड सुरू झाली. मार्च 1942 मध्ये फ्रिट्झ साउकेल याला मजूर गोळा करण्याचे सर्वाधिकार दिले गेले. 1946 मध्ये न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यातल्या निकालानंतर त्याला फाशी झाली.

सगळ्यांचे हाल सारखे नव्हते. डच किंवा फ्रेंच कामगाराला बरा पगार आणि थोडी मोकळीक होती. पोलिश माणसाच्या छातीवर पिवळ्या चौकटीत जांभळा ‘पी’ शिवलेला असे. सोव्हिएत मुलखातून आणलेल्यांना निळा-पांढरा ‘ओस्ट’ बिल्ला, म्हणजे पूर्वेकडचा. पोलिश पुरुषाचा जर्मन बाईशी संबंध उघड झाला तर त्याला फासावर चढवत. याच्याही खाली छावणीतले कैदी, आणि त्यांच्यात ज्यू सर्वांत तळाला. उतरंड म्हणजे काय हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

कंपन्यांना पर्याय तरी होता का? सरकार हिटलरचं होतं.

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. युद्धानंतर खुद्द कंपन्यांनीही न्यायालयात हेच सांगितलं.

घरचे कामगार आघाडीवर गेले होते, उत्पादनाचा दट्ट्या होता, हे खरं. पण सक्तीचे मजूर कुणी रात्रीतून फाटकाशी आणून टाकत नव्हतं. कंपनीला मागणी नोंदवावी लागे, किती हवेत, कोणत्या कामाला हवेत हे लिहून द्यावं लागे. इगे फार्बेन या रसायन कंपनीनं कृत्रिम रबराच्या कारखान्यासाठी 1941 मध्ये आउशवित्झची जागा स्वतः पाहून पसंत केली. रेल्वे होती, पाणी होतं, कोळसा जवळ होता, आणि मजूर पुरवणारी छावणी शेजारीच होती. पुढे ने-आण करण्यात वेळ जातो म्हणून 1942 मध्ये मोनोवित्झला कारखान्यालगत कंपनीच्या पैशानं वेगळी छावणी उभारली. सीमेन्सनं राव्हेन्सब्र्यूकच्या स्त्रियांच्या छावणीला लागून आपल्या कार्यशाळा बांधल्या.

दुसरं असं, की एकाच नियमाखाली दोन कारखान्यांत वागणूक वेगवेगळी असायची. कुठे सूप जरा दाट, कुठे फोरमन हात उगारायचा नाही. म्हणजे थोडी का होईना, जागा होती. सरकारनं सक्ती केली म्हणून कुणाचं सूप पातळ होत नाही.

पण पगार देत होते ना?

देत होते. कुणाला, ते बघा.

मोनोवित्झचा दर ठरलेला होता: कुशल कैद्याचे दिवसाला 4 मार्क, अकुशल कैद्याचे 3. छावण्या चालवणारी नाझींची सशस्त्र संघटना, एस.एस., बिल लावायची आणि कंपनी ते चुकतं करायची. कैद्याच्या हातात शून्य. पंचवीस वर्षं बिलं आणि डेबिट नोटा पाहिलेल्या माणसाला हे वाचून काय होतं ते सांगतो. डोळ्यांपुढे हिशेबनीस येतो. महिनाअखेरीला कैद्यांचे दिवस मोजणारा, आजारी पडलेल्यांचे वजा करणारा, बेरीज जुळली की खाली सही करणारा. त्याच्या वहीत सगळं चोख असणार. त्या कारखान्यापायी 25 ते 30 हजार माणसं मेली असावीत असा अंदाज आहे. आणि तिथून रबराचा एक तुकडासुद्धा विक्रीला बाहेर पडला नाही.

पूर्वेकडून आणलेल्या नागरिकांना नावाला मजुरी होती. जेवण, राहणं आणि खास त्यांच्यासाठी लावलेला कर कापून हातात येईल ते.

‘आम्ही तर पैसे मोजले, ती माणसं आमची नव्हतीच’ हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे मराठीतही ऐकायला मिळेल.

आपल्याकडे ज्यांचे कारखाने आहेत त्यांच्यापैकी कोण?

बहुतेक सगळे. डाइम्लर-बेंझमध्ये 1944 च्या अखेरीस 63,610 लोक होते, त्यांतले जवळपास निम्मे सक्तीचे मजूर, युद्धकैदी किंवा छावणीतले कैदी. माझ्या वडिलांच्या पिढीनं टाटांच्या ट्रकवर जो तारा पाहिला तो यांचाच. तो करार 1954 चा, म्हणजे युद्ध संपून नऊच वर्षं झाली होती. सीमेन्सकडे युद्धकाळात एकूण 80 हजारांच्या आसपास. बीएमडब्ल्यूच्या म्यूनिकजवळच्या आलाख इथल्या विमान-इंजिनांच्या कारखान्यात डाखाऊ छावणीचे कैदी होते. इगे फार्बेनचे पुढे तुकडे झाले, त्यांतले बायर आणि बीएएसएफ आपल्या शेतकऱ्यांनाही ठाऊक आहेत.

फोक्सवॅगनची गोष्ट वेगळी, कारण ती कंपनी जन्मलीच नाझींच्या हातून. जर्मन कामगार संघटना मोडून त्यांची जी मालमत्ता जप्त केली, त्या पैशातून तिची उभारणी झाली. मे 1938 मध्ये कोनशिला बसवली ती हिटलरनं. सुमारे 3 लाख 36 हजार जर्मनांनी आठवड्याला 5 मार्कांची तिकिटं वहीत चिकटवून गाडीसाठी पैसे साठवले, गाडी एकालाही मिळाली नाही, कारण कारखाना युद्धसामग्रीला लागला. तिथे सुमारे 20 हजार माणसं सक्तीनं राबली. पोलिश आणि सोव्हिएत मजूर बायकांना मुलं झाली की ती काढून घेऊन कंपनीच्या बालगृहात ठेवत, आधी छावणीत, पुढे जवळच्या र्‍यूएन गावात. साडेतीनशेच्या वर तान्ही मुलं तिथे आजारानं आणि हेळसांडीनं मेली. त्या जागेची जबाबदारी असलेला कारखान्याचा डॉक्टर हान्स क्योर्बेल याला ब्रिटिश लष्करी न्यायालयानं दोषी ठरवलं आणि 1947 मध्ये फाशी झाली.

बॉशचा मालक तर हिटलरविरोधी होता म्हणतात.

होता. नाशिककर हा प्रश्न हमखास विचारतात, ‘आमच्या मायकोला यात ओढू नका’ या सुरात. मायको म्हणजे बॉशच्या इथल्या कंपनीचं जुनं नाव.

रॉबर्ट बॉश जुन्या वळणाचा उदारमतवादी. आठ तासांचा दिवस त्यानं 1906 मध्येच आणला. हिटलरविरोधी कटातला एक प्रमुख माणूस, कार्ल ग्योर्डेलर, याला कंपनीनं सल्लागार म्हणून नेमून पाठबळ दिलं. ज्यूंना देशाबाहेर पडायला पैसे पुरवले. बॉशच्या मागून कंपनी सांभाळणाऱ्या हान्स वाल्झ यांना त्याबद्दल 1969 मध्ये याद वाशेम या इस्रायलमधल्या ज्यू संहाराच्या स्मारक-संस्थेनं गौरवलं.

आणि याच कंपनीत युद्धकाळात सुमारे 20 हजार सक्तीचे मजूर होते. बॉश स्वतः मार्च 1942 मध्ये वारला, पण सक्तीचे मजूर त्याआधीच यायला लागले होते. बर्लिनजवळच्या एका कारखान्यात वॉर्सातून पकडून आणलेल्या बायका होत्या.

दोन्ही खरं आहे. मला तर सगळ्या यादीत बॉशचं प्रकरण सर्वांत जास्त छळतं. बदमाश माणसानं बदमाशी केली तर त्यात कळायचं काय राहतं? इथे वरच्या मजल्यावर ज्यूंना वाचवण्याचे बेत चालले होते आणि त्याच कंपनीच्या शेडमध्ये पहाऱ्याखाली बायका काम करत होत्या. मालक सज्जन आहे म्हणून कारखाना सज्जन असतो, हा समज मी तरी तेव्हापासून सोडला.

आज तिथे काम करणाऱ्यांचा यात काय दोष? आजोबांचं पाप नातवाच्या माथी का?

दोष काहीच नाही. पण दोष आणि बोजा यांत फरक करा.

गावाकडे वडिलोपार्जित जमीन नावावर चढते तेव्हा सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असला तर तोही सोबत येतो. कर्ज मी काढलं नव्हतं, त्या पैशाचं काय झालं मला ठाऊक नाही, असं तलाठ्याला सांगून भागत नाही. जमीन नको असेल तर गोष्ट वेगळी. कंपन्यांना मात्र जमीन हवी असते. ‘सव्वाशे वर्षांची परंपरा’ बोधचिन्हाखाली छापलेली असते. एका जर्मन कंपनीच्या इथल्या कचेरीत, नाव सांगत नाही, स्वागतकक्षाच्या भिंतीवर कंपनीच्या इतिहासाची लांबलचक पट्टी होती. पहिलं यंत्र, पहिला पुतळा, पहिली निर्यात. 1938 नंतर एकदम 1948. मध्ये कुंडी ठेवलेली. मी तिथे चहा पीत तीन वेळा बसलो आणि तिसऱ्या वेळी ती दहा वर्षं माझ्या लक्षात आली. म्हणजे मीही काही फार डोळस नव्हतो.

मे 2019 मध्ये बाल्झेन या बिस्किट कंपनीच्या घराण्यातली पंचविशीतली वारसदार मुलाखतीत म्हणून गेली की हे सगळं तिच्या जन्माआधीचं आहे, आणि कंपनीनं त्या मजुरांना जर्मनांइतकाच पगार दिला, नीट वागवलं. टीकेची झोड उठल्यावर तिनं माफी मागितली. तेव्हा कंपनी सुमारे 200 मजूर सांगत होती. मग कंपनीनं इतिहासकारांना काम दिलं आणि त्यांच्या शोधात आकडा 800 च्या घरात गेला. ‘जन्माआधीचं’ या शब्दाला माझी हरकत नाही. नीट वागवलं हे तिनं न बघता सांगितलं, हरकत तिथे आहे.

भरपाई दिली की त्यांनी. मग विषय संपला ना?

तारखा ओळीनं लावून बघा.

नॉर्बर्ट वोल्हाइम या मोनोवित्झमधून वाचलेल्या माणसानं 1951 मध्ये इगे फार्बेनवर दावा लावला. 1953 मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयानं त्याला 10 हजार मार्क दिले, 1957 मध्ये कंपनीनं अशा दावेदारांसाठी 3 कोटी मार्कांवर तडजोड केली. दोन-चार कंपन्यांनी अशी तुरळक रक्कम ज्यू दावेदारांना दिली. बाकीच्यांचं उत्तर एकच होतं: आम्ही सरकारच्या वतीनं काम करत होतो, सरकारकडे जा.

फोक्सवॅगनची ती तिकिटं आठवतात? ज्या जर्मन बचतदारांना गाडी मिळाली नव्हती, त्यांच्याशी कंपनीनं 1961 मध्ये तडजोड केली: नव्या गाडीवर 600 मार्कांपर्यंत सूट, नाहीतर 100 मार्क रोख. ज्यांनी त्या कारखान्यात मार खाल्ला त्यांच्यासाठी 2 कोटी मार्कांचा निधी निघाला तो 1998 मध्ये. गिऱ्हाईक सदतीस वर्षं आधी.

1998 मध्येच अमेरिकेत सामूहिक दावे दाखल व्हायला लागले आणि जर्मन उद्योगाला तिकडच्या बाजारपेठेची काळजी पडली. त्यातून ऑगस्ट 2000 मध्ये ‘स्मृती, उत्तरदायित्व आणि भविष्य’ या नावाची संस्था कायद्यानं स्थापन झाली. निधी 10 अब्ज मार्कांचा, निम्मा सरकारचा, निम्मा उद्योगांचा. साडेसहा हजारांवर कंपन्यांनी वर्गणी दिली, त्यांत युद्धानंतर जन्मलेल्याही होत्या. छावणीतल्या कैद्याला जास्तीत जास्त 15 हजार मार्क, कारखान्यातल्या सक्तीच्या मजुराला 5 हजार. 2001 ते 2007 या काळात सुमारे 16 लाख 60 हजार लोकांना पैसे मिळाले. 1 कोटी 30 लाखांतले उरलेले बहुतेक तोवर गेले होते. सोव्हिएत युद्धकैद्यांना यातून वगळलं होतं. त्यांच्यातल्या हयात असलेल्यांना 2,500 युरो द्यायचं ठरलं ते 2015 मध्ये.

बोजा उतरवला हे खरं. मुद्दल फिटलं असं कुणी म्हणू नये. खुद्द राष्ट्राध्यक्ष योहानेस राऊ यांनी डिसेंबर 1999 मध्ये माफी मागताना, हे पैशानं भरून निघणारं नाही, याच अर्थाचं सांगितलं होतं.

कुणाला शिक्षा झाली का?

झाली, आणि माफही झाली. इगे फार्बेनचा फ्रिट्झ टेर मेर याला 7 वर्षांची शिक्षा होती. लवकर सुटला आणि 1956 मध्ये बायरच्या देखरेख मंडळाचा अध्यक्ष झाला. पोलाद आणि तोफांच्या कारखान्यांचा मालक आल्फ्रीड क्रुप याला 12 वर्षं आणि मालमत्ता जप्त, 1951 मध्ये सुटका आणि मालमत्ता परत. कोळसा-पोलादातला बडा उद्योगपती फ्रीडरिश फ्लिक याला 7 वर्षं, 1950 मध्ये बाहेर, पुढे डाइम्लर-बेंझचा सर्वांत मोठा भागधारक आणि जर्मनीतल्या अतिश्रीमंतांपैकी एक. 1972 मध्ये मरेपर्यंत त्यानं मजुरांना एक पैसा दिला नाही. शीतयुद्ध सुरू झालं होतं, अमेरिकेला जर्मन कारखाने चालू हवे होते.

म्हणजे कौतुक करायचंच नाही?

करा. मीही करतो. डिझेल पंपाचा प्लंजर हातात घेतल्यावर मायक्रॉनमधलं ते काम बघून मला अजून बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं खोटं नाही.

पण ‘कौतुक’ या एका शब्दाखाली आपण तीन-चार गोष्टी कोंबतो. कारागिरीचं कौतुक ही एक गोष्ट. ती कारागिरी बहुतेक वेळा मालकाची नसतेच, टूलरूममधल्या माणसाची असते. धंद्याच्या हुशारीचं कौतुक ही दुसरी, आणि इथे जपून. ‘युद्धात राखरांगोळी झाली आणि दहा वर्षांत पुन्हा उभे राहिले’ हे आपल्याकडे फार आवडीनं सांगितलं जातं. मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणात मी निदान चार वक्त्यांकडून ऐकलंय. इमारती कोसळल्या तरी यंत्रसामग्री बरीच वाचली होती आणि युद्धकाळात तिच्यात भरही पडली होती. त्या यंत्रांवर कोण उभं होतं, हे गाळलं तरच ती गोष्ट स्फूर्तिदायक राहते. तिसरी म्हणजे चारित्र्याचं कौतुक: जर्मन माणूस शिस्तीचा, शब्दाचा पक्का, हिशेबाचा चोख. हिशेबाचा चोख तर तो 4 मार्क लिहिणारा कारकूनही होता.

माझी कसोटी साधी आहे. एखाद्या कंपनीची तारीफ करताना मला काही विसरावं लागतंय का, ते बघतो. विसरावं लागत असेल तर ती तारीफ मी तोंडातल्या तोंडात ठेवतो. सगळं आठवत असूनही करावीशी वाटली, तर मोठ्यानं करतो.

मग मी जर्मन गाडी घेऊ की नको?

घ्या. हप्ते झेपत असतील तर. 1944 मधल्या कुणाचंही तुमच्या न घेण्यानं भलं होणार नाही.

कंपनीची माफी खरी की जाहिरात, हे ओळखायचं कसं?

आमच्या धंद्यात तक्रार आली की उत्तर पाठवावं लागतं: काय बिघडलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. वाईट उत्तर लगेच ओळखू येतं. त्यात ‘ऑपरेटरला समज दिली’ असं लिहिलेलं असतं.

माफीचंही तसंच. आधी कुणी बोललं, हे बघा. कंपनी स्वतः, की पत्रकार आणि वकील मागे लागल्यावर? बीएमडब्ल्यूच्या क्वांट घराण्यानं दारं उघडली ती 2007 मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांच्याबद्दल माहितीपट आल्यानंतर. संशोधन 2011 मध्ये छापून आलं. फोक्सवॅगननं मात्र 1986 मध्येच हान्स मोम्सेन या इतिहासकाराला काम दिलं, दहा वर्षांनी हजार पानांचं काम बाहेर आलं. दुसरं, कागद कुणाला बघू दिले? तिसरं, नावानिशी सांगितलं की ‘त्या काळाच्या परिस्थितीत’ असं मोघम? आउडीनं 2014 मध्ये आपल्या पूर्वसुरी कंपनीबद्दलचं संशोधन छापलं तेव्हा युद्धकाळातला प्रमुख रिशार्ड ब्रून याची जबाबदारी त्यात स्पष्ट आली आणि त्याच्या सन्मानार्थ दिलेलं नाव कंपनीनं काढून टाकलं. आणि चौथं, आज तीच कंपनी काय करतेय. हे चौथं सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून वेगळं लिहितो.

हे सगळं जुनं. आता तर असं होत नाही ना?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगात 2 कोटी 76 लाख माणसं सक्तीच्या श्रमात होती.

फोक्सवॅगननं 2013 मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतात उरुम्ची इथे भागीदारीत कारखाना काढला. त्याच प्रांतात पुढे उइघुर मुसलमानांना छावण्यांत डांबण्याचे आणि सरकारी योजनांतून सक्तीनं कामाला लावण्याचे प्रकार उघड झाले. कंपनीचं म्हणणं कायम असं, की आमच्या कारखान्यात असं काही नाही. 2023 मध्ये नेमलेल्या तपासनिसांनाही काही सापडलं नाही. टीकाकारांनी विचारलं, जिथे कामगार मोकळेपणानं बोलूच शकत नाही तिथे ऑडिट म्हणजे काय? नोव्हेंबर 2024 मध्ये कंपनीनं तो कारखाना विकला, कारण आर्थिक असल्याचं सांगून. ब्राझीलमध्ये, पारा राज्यातल्या कंपनीच्या जुन्या गुरांच्या फार्मवर 1970-80 च्या दशकांत मजुरांना कर्जात अडकवून हत्यारबंद पहाऱ्यात राबवल्याच्या प्रकरणी ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या न्यायालयानं 16 कोटी 50 लाख रेआल भरायचा आदेश दिला. कंपनी अपिलाची भाषा बोलली. स्वतःच्या युद्धकाळावर इतकं नीट संशोधन करवून घेणारी कंपनी ती हीच.

पुरवठासाखळी लांब आहे, कुठलं काय कळणार, असं म्हणतात. मला हे पटत नाही. एक बोल्ट तुटला तर बॅच नंबरवरून मी पोलादाचा हीट नंबर काढतो, तो कुठल्या भट्टीत, कुठल्या दिवशी ओतला ते दोन तासांत सांगतो. लोखंडाचा माग लागतो. माणसाचा लावायची पद्धत आपण बसवलेली नाही.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. जर्मनीत 2023 पासून पुरवठासाखळीचा कायदा लागू झाला, आणि इकडच्या पुरवठादारांकडे प्रश्नावल्या यायला लागल्या. मी असलेल्या कंपनीत ती भरायचं काम माझ्याकडे आलं. ‘कंत्राटी कामगारांची मूळ कागदपत्रं कुणी ताब्यात ठेवतं का?’ असा एक प्रश्न होता. मी ‘नाही’वर खूण केली आणि पुढे गेलो. पॅकिंगला असलेली ओडिशाची पोरं कुठे राहतात, त्यांची आधार कार्डं कुणाच्या कपाटात आहेत, हे मी बघायला गेलो नव्हतो. ती कंत्राटदाराची माणसं. चार महिन्यांनी गेलो. बारा जणांची कार्डं ठेकेदाराच्या ड्रॉवरमध्ये होती, ‘हरवतात म्हणून’. परत द्यायला लावली. पण खूण केली होती ती केलीच होती.

जपानी कंपन्यांचं काय?

त्यांनी कोरियन, चिनी आणि युद्धकैदी राबवले. मित्सुबिशी मटेरियल्सनं 2015 मध्ये अमेरिकन युद्धकैद्यांची माफी मागितली, पुढच्या वर्षी चिनी मजुरांशी तडजोड केली. दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये निप्पॉन स्टील आणि मित्सुबिशी हेवीविरुद्ध निकाल दिले. 1965 च्या करारानं सगळं मिटलं, ही जपानची भूमिका त्यानंतरही बदलली नाही. यावर लिहायचं तर वेगळं पान लागेल.

तुम्हाला जर्मनीचं दिसतं, घरचं दिसत नाही का?

दिसतं. आणि जाताजाता: पिंपरीची बकाऊ वुल्फ जुन्या लोकांना आठवेल. साखर कारखान्यांची यंत्रं करायची, पुढे तिच्यावर क्रुपचं नाव आलं. तेव्हा जर्मनीहून साखरेकडे यायला मला फार लांब जावं लागत नाही.

सहकारी साखर कारखाना हा महाराष्ट्राच्या कौतुकाचा विषय. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास जे उभं केलं त्याचा अभिमान मलाही आहे, माझं शिक्षण अशाच एका कारखान्याच्या कॉलेजात झालं. पण तो ऊस तोडतं कोण? दिवाळीच्या आसपास बीडहून बैलगाड्या आणि ट्रक निघतात. मुकादमानं जोडप्याला उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात, माणसं दोन आणि मोजणी एकाची. पहाटे फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायला. एक दिवस पडून राहिलं तर खाडा धरतात, दंड कापतात. हंगामाच्या शेवटी उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. खाड्याच्या भीतीनं आणि दुखण्याला कंटाळून बायका पिशवी काढून घेतात. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीसाठी 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

कारखान्याला विचारा, उत्तर ठरलेलं: ते कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे.

आउशवित्झ आणि उसाचा फड एक, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं दोन्हीकडच्या माणसांचा अपमान होईल. सगळे ऊसतोड कामगार वेठबिगार आहेत असंही म्हणत नाही. काहीजण उचल घेऊन, फेडून, चार पैसे गाठीला बांधून परततात. पण 1976 चा वेठबिगारीविरोधी कायदा वाचा. आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे जायची मोकळीक गेली किंवा किमान वेतनाच्या खाली राबावं लागलं, तर त्याला वेठबिगारीच म्हणतात. 1982 मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं, किमान वेतनाहून कमी पैशात करावं लागणारं काम हे घटनेच्या कलम 23 खाली सक्तीचंच काम. भुकेनं केलेली सक्ती ही सक्तीच.

त्यामुळे कारखान्याच्या गळित हंगामाच्या विक्रमाची बातमी वाचली की मी टनांचा आकडा बघतो आणि तोडणीचा दर शोधतो. पहिला पहिल्या पानावर असतो.

अशानं आमच्या मुलांच्या नोकऱ्या जातील. चाकण बंद पाडायचंय का?

प्रश्नावली खरी भरली म्हणून कुणाची नोकरी गेलेली मी पाहिलेली नाही. ठेकेदार आठवडाभर तोंड फिरवून होता, एवढंच.

मुलगी वुल्फ्सबुर्गला, फोक्सवॅगनच्या मुख्य कारखान्यात, नोकरीला लागलीय. तिला हे सांगू का?

सांगा, पण पहिल्या फोनवर नको. आधी थंडीचे कपडे, भारतीय किराणा कुठे मिळतो, हे होऊ द्या.

मग सांगा की तिच्या कारखान्यातच युद्धकाळातल्या बॉम्बहल्ल्यापासून बचावाच्या तळघरात 1999 पासून सक्तीच्या मजुरांचं स्मृतिस्थान आहे, आधी ठरवून बघता येतं. कंपनीची शिकाऊ मुलं अनेक वर्षांपासून आउशवित्झला जातात आणि पोलिश मुलांसोबत तिथल्या कुंपणांची, जुन्या बुटांची देखभाल करतात. तिला जमलं तर तिनंही नाव द्यावं. बर्लिनला गेली तर श्योनेवाइडे भागात मजुरांच्या खऱ्या बराकींतच संग्रहालय केलंय, तिकीट नाही. माझा भाचा गेल्या वर्षी जाऊन आला. त्यानं फोटो पाठवला तो बराकीच्या लाकडी दाराच्या कडीचा. कडी बाहेरून होती का, असं मी विचारलं. तो म्हणाला, मामा, ते बघायचं राहिलं, पुन्हा जाईन तेव्हा बघतो.